गळ्यातली पिवळी रेघ

कमर्शियल आर्ट शिकून मी सहा वर्षं लोणच्या-मसाल्यांची लेबलं काढली. पण शरीराच्या आत काय चालतं याचं कुतूहल शाळेपासूनचं. कुणी खोकलं तरी मला वाटायचं, आत नेमकं काय हललं? कोथरूडच्या एका सर्जनना पेशंटना ऑपरेशन समजावण्यासाठी चित्रं हवी आहेत असं कळलं, तेव्हा मी लगेच फोन केला.

"एक काढून दाखवा. पेशंटला कळलं तर पुढचं बोलू," ते म्हणाले.

पेशंट म्हणजे हडपसरला भाजी विकणाऱ्या एक बाई. थायरॉइडची गाठ काढायची होती. गाठीमागून आवाजाची नस जाते, तिला धक्का लागला तर आवाज बसतो. बाईंना त्याचीच धास्ती, म्हणून त्या संमतीपत्रावर सही करत नव्हत्या.

दुसऱ्या एका पेशंटच्या परवानगीनं मी तसंच ऑपरेशन पाहिलं. घाबरेन असं वाटलं होतं, पण अधाशासारखी बघत राहिले. पुस्तकात रक्तवाहिन्या लाल-निळ्या आणि नसा पिवळ्या, प्रत्यक्षात सगळं गुलाबी-मातकट! नस तर डॉक्टरांनी चिमट्यानं दाखवली तेव्हा कुठे दिसली. दोऱ्याएवढी.

आठ दिवस खपून चित्र काढलं. वैद्यकीय पुस्तकांतल्या रीतीप्रमाणे हिरव्या कापडातून दिसणारा तेवढाच गळा, चिमटे, रक्ताची ओली चमकसुद्धा. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

बाईंनी चित्र निरखलं. "हिचं तोंड कुठं हाय?"

"कापडाखाली."

"मेलीय का मग?" म्हणत त्या उठल्या आणि सही न करताच गेल्या.

"चित्र उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "पेशंट तेवढ्या गेल्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चित्र बाईंसाठी होतं, आणि मी ते डॉक्टरांवर छाप पाडायला काढलं होतं.

दुसऱ्या चित्रात मी गिऱ्हाइकाला हाक मारणारी बाई काढली. उघडे डोळे, उघडं तोंड. गळ्यात फक्त गाठ, आणि तिच्यामागून स्वरयंत्राकडे चढणारी पिवळी रेघ. डॉक्टरांनी बाईंना पुन्हा बोलावलं.

या वेळी बाईंनी रेघेवरून बोट फिरवलं, खालून वर, दोनदा. मग स्वतःचा गळा चाचपला.

"एवढीशीच?"

"एवढीशीच," मी म्हटलं.

त्यांनी डॉक्टरांच्या हातांकडे बराच वेळ पाहिलं. "चष्मा लावून करा," म्हणाल्या, आणि पेन मागितलं.