साहेबांसमोर चाललेलं मशीन

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या खोलीत तिचं दुकान आहे. बॅगांना चेन बसवायची, तुटके पट्टे शिवायचे, सूटकेसची चाकं बदलायची, हे तिचं काम. सगळे तिला चेनमावशी म्हणतात. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. मोडकी वस्तू दिसली की तिचे हात शिवशिवतात. बोलता बोलता समोरच्याचं लोंबणारं बटणही लावून टाकते.

मशीन मात्र पार थकलं होतं. पातळ कापड कसंबसं शिवायचं. जाड पट्टा आला की टाके सोडायचं, आणि जरा तापलं की जागच्या जागी अडकायचं. मिस्त्रीने हात टेकले होते. नवं घ्यायची ऐपत नव्हती. सूटकेसचं गिऱ्हाईक बाजारातल्या मोठ्या दुकानाकडे वळू लागलं होतं. तेही गेलं तर नुसत्या चेनवर भाडंसुद्धा निघणार नव्हतं.

म्हणून मावशी आणि मी, दोघी अनुदान शोधत फिरलो. एक योजना तरुणांसाठी निघाली, दुसरी नव्याने धंदा करणाऱ्यांसाठी.

"तुम्ही तर आधीच सुरू करून बसलात, मावशी," खिडकीमागचा कारकून म्हणाला.

"चुकलंच हो. थोडी वर्षं उपाशी बसायला हवं होतं."

शेवटी हवी तशी सापडली: यंत्र निकामी झालेल्या छोट्या दुकानांसाठी. अर्ज भरला. आता योजनेच्या ऑफिसातले साहेब येऊन मशीन बघणार आणि त्यांच्या अहवालावर सगळं ठरणार होतं.

त्या सकाळी मी गेले तर दुकान लख्ख. मशीन पुसलेलं, तेल पाजलेलं, आणि झिजलेल्या भागाखाली रबराचा तुकडा बेतून सरकवलेला.

"अगं, हे काय केलंस?"

"परकं माणूस येणार, बाई. त्याच्यापुढे खडखडतं मशीन ठेवू? लोक माझ्याकडे दुरुस्तीला येतात!"

"मशीनला स्थळ आलंय आज," कोपऱ्यात जुन्या चेन निवडत बसलेली तिची नणंद म्हणाली.

रबर काढ म्हणून मी सांगणार, तोच साहेब दारात उभे.

"चालवून दाखवा."

तिने जाड पट्टा घातला. टाके एकसारखे, ओळीत.

"चालतंय की."

"तापलं की अडकतं, साहेब."

"मग तापू दे," म्हणत साहेब स्टुलावर टेकले.

तिने आणखी एक पट्टा शिवला, मग आणखी एक. मशीन आपलं शहाण्यासारखं चालत राहिलं. तीच त्याच्याकडे अविश्वासाने बघत होती. तेवढ्यात साहेबांच्या बॅगेचा उसवलेला पट्टा तिला दिसला. मी डोळे वटारले, पण व्यर्थ. तोही तिने शिवून दिला. नणंदेने कपाळाला हात लावला.

साहेब वाईट नव्हते. पट्टा ओढून बघत अवघडून म्हणाले, "मावशी, मी बंद मशीन बघायला आलो होतो. दिसलं तेच लिहावं लागतं."

"खाली रबर घातलंय, साहेब. काढते ना!"

"आता काढलंत तर तुम्हीच बंद पाडलं असं होईल."

ते गेले. दुपारी एका दप्तराच्या तळाशी मशीन अडकलं ते अडकलंच.

"जा, पळ! बोलव तुझ्या साहेबांना!" नणंद ओरडली.

आणि मावशी खरंच उठली. दारात जाऊन रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं आणि परत येऊन बसली.

"पुन्हा अर्ज घेतील तेव्हा परत भरू," मी म्हटलं. "पण तेव्हा त्याला हात लावायचा नाही."

तिने त्यावर अगदी मनापासून विचार केला. "बघते. पण मोडलेलं समोर ठेवून नुसतं बसायचं, हे मला जमेल का गं, बाई?"

मी अडकलेलं दप्तर मशीनमधून सोडवायला घेतलं.

एवढ्यात एक माणूस मोठी सूटकेस घेऊन आला. कडेची शिवण फाटली होती. तिने अंगठ्याने ती दाबून पाहिली, आत हात घालून अस्तर चाचपलं, आणि सूटकेस हलकेच त्याच्याकडे सरकवली.

"बाजारात जा, दादा," ती म्हणाली. "चौकातून डावीकडे. मोठी पाटी आहे."