पिवळ्या रंगाखालचा हुक

ठेकेदाराने सुभेदारसाहेबांना फसवलं. सुभेदारसाहेबांनी मला फसवलं. मी लान्स नायक दत्ताराम सकपाळला फसवलं. दत्तारामने कुणालाही फसवलं नाही, आणि मेला तो.

हा क्रम लक्षात ठेवा. चौकशीच्या कागदात तो उलटा लिहिलेला आहे.

मी पोलादपूरचा. फौजेत बावीस वर्षं काढली, सगळी वर्कशॉपमध्ये. काम वेल्डिंगचं, फिटिंगचं आणि वजन उचलण्याचं. बिघडलेल्या गाडीतून इंजिन काढायचं, दुरुस्त झालं की परत बसवायचं. गावात लोक विचारतात, किती शत्रू मारले? एकही नाही. मी गाड्या उभ्या केल्या. त्या गाड्यांतून वरच्या चौक्यांना रेशन आणि रॉकेल जायचं. यात ऐकणाऱ्याला मजा नाही, म्हणून मी कधी सांगत बसलो नाही. आज सांगतो.

त्या वर्षी आमचं वर्कशॉप उत्तरेत, दहा हजार फुटांवर होतं. पत्र्याची लांब शेड. सहाला फॉल-इन, साडेसातला टूल चेक, आठला काम सुरू. मी हवालदार होतो. माझ्या हाताखाली नऊ माणसं, त्यांतला एक दत्ताराम. तुडीलच्या पुढच्या वाडीतला, म्हणजे माझ्याच बाजूचा. ड्यूटीवर मला 'हवालदार साब' म्हणायचा, शेडबाहेर 'दादा'. सुट्टी मिळाली की दोघं एकत्र यायचो. वीर स्टेशनला उतरलो की मी रिक्षावाल्याशी भांडायला उभा राहायचो. माझं भांडण संपेपर्यंत हा गुपचूप मागे बसलेला असायचा.

"बस ना दादा. तोबी घरी जाईल, आपनबी जाऊ."

मी घासाघीस करणारा माणूस आहे. फुकट काही देत नाही, फुकट काही घेत नाही. याचा मला अभिमान होता. पुढे वाचाल तेव्हा कळेल तो किती महाग पडला.

इंजिन उचलायला आमच्याकडे धड साधन नव्हतं. गँट्रीची मागणी दोनदा वर गेली, दोनदा 'नोटेड' होऊन परत आली. शेवटी आम्हीच बांधली. मोडक्या पुलाचा गर्डर मिळाला, जाड पाइप मिळाले. दोन बाजूंना ए आकाराचे पाय, वर गर्डर, गर्डरवर सरकणारी ट्रॉली. अकरा दिवस लागले. आमच्या शेडमध्ये एक रिवाज होता. ज्याने जो जोड वेल्ड केला, त्याने त्या जोडाशेजारी आपला नंबर पंचाने ठोकायचा. उद्या जोड सुटला तर विचारायचं कुणाला, ते लोखंडच सांगेल. माझा नंबर चौदा. दत्तारामचा एकतीस. डावे पाय माझे, उजवे त्याचे. ते जोड आजही उभे असतील.

गँट्री झाली. तिला लटकवायची तीन टनी चेनपुली ठेकेदाराकडे दुरुस्तीला गेली होती, ती परत आली. तिचा खालचा हुक झिजला होता, तो बदलून नवा घालायचा होता. पुली आली तेव्हा हुकावर तांबडा प्रायमर होता आणि बॉडीवर ॲल्युमिनियमची पाटी: 'टेस्टेड'. खाली कसलीशी सही.

आमचा नियम साधा. उचलण्याची कोणतीही वस्तू कुठूनही दुरुस्त होऊन येवो, आपण स्वतः सव्वापट वजन टांगायचं, दहा मिनिटं ठेवायचं, मग वापरायची. दुसऱ्याच्या पाटीवर विश्वास ठेवायचा नाही. पण पावणेचार टन गोळा करून टांगायला अर्धा दिवस जातो, आणि दोन दिवसांवर इन्स्पेक्शन होतं.

दुपारी दोन वाजता सुभेदारसाहेब शेडमध्ये आले.

"हवालदार, पूरी गँट्री पीली चाहिए. हुक समेत. शाम तक."

"साब, लोड टेस्ट बाकी है."

"प्लेट लगी है ना? टेस्ट इन्स्पेक्शन के बाद कर लेना."

"ओला पेंट लागलेली पुली टांगून टेस्ट होत नाही," असं मला म्हणायचं होतं. म्हणालो नाही. कारण मला तेव्हा वेगळीच गोष्ट दिसली. साहेब घाईत होते. माझी शिमग्याची सुट्टी त्यांनी आठ दिवस अडवून ठेवली होती. आमच्याकडे शिमग्याला पालखी दारात येते, आणि चार वर्षं मी ती पाहिली नव्हती.

"साब, मेरी छुट्टी का कागज..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समजले. हसलेसुद्धा.

"पेंट कर. शाम को साइन ले जा."

सौदा झाला. मी ब्रश हातात घेतला.

हुक मी स्वतः रंगवला. गळ्यापाशी, जिथे हुकाचा वाक संपून दांडा सुरू होतो, तिथे ब्रश अडकला. बारीकशी कड लागली. घडीव हुकाला तिथे कड नसते. तिथे कड असेल तर एकच अर्थ: हुक मोडला होता आणि कुणीतरी वेल्ड करून जोडला होता. वजन उचलण्याच्या हुकाला वेल्डिंग करायचं नसतं, हे आम्ही रिक्रूटला पहिल्या आठवड्यात शिकवतो. खिशात कानस होती. दोनदा घासलं असतं तर दिसलं असतं.

मी घासलं नाही. कडेवरून दुसरा हात मारला, रंग दाबून भरला, आणि संध्याकाळी सही घेऊन आलो.

इन्स्पेक्शन उत्तम झालं. कर्नलसाहेबांनी छडीने गर्डरवर टकटक केली. "तुम लोगों ने बनाया? शाबाश." सुभेदारसाहेबांची छाती फुगली. माझीही.

दुसऱ्या दिवशी एका ट्रकचं इंजिन बसवायचं होतं. गिअरबॉक्ससकट टनभर वजन. त्याच्या पुढच्या सकाळी माझी गाडी निघणार होती. सुट्टीचा कागद वरच्या खिशात होता. टेस्टची आठवण मला होती. साहेबांना मी ती करून दिली नाही, कारण टेस्ट काढली असती तर दिवस गेला असता आणि सुट्टी लांबली असती.

अकरा वाजता इंजिन उचललं. चेन मी ओढत होतो. अकरा वाजून पंधरा मिनिटांनी ते चासीच्या वर आलं. खाली सोडताना एका बाजूचं भोक जुळेना. बोटभर फरक.

"पिंच बार आण," मी म्हणालो.

"बारनं नाय व्हायचं, साब. हातानं सरकवतो." दत्ताराम चासीत उतरला आणि बाजूने खांदा लावला. "सुट्टीवर चाललात, माझ्या आयेला सांगा, पोरगा इंजिन खांद्यावर घेऊन नाचवतो."

"गप. डावीकडे घे."

"घेतो. अजून एक कडी सोडा."

मी एक कडी सोडली. वर फट असा आवाज झाला. लाकूड मोडल्यासारखा, फार मोठा नाही.

अकरा वीसला मी वायरलेसवर दवाखान्याशी बोलत होतो.

"एमआय रूम, वर्कशॉप. एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"वर्कशॉप, एमआय रूम. कन्डिशन सांगा. ओव्हर."

"इंजिनखाली आहे. ओव्हर."

"बोलतोय का? ओव्हर."

मी वायरलेस सोडून परत पळालो. नऊ माणसांचं काम आठ माणसं करत होती. गँट्री उभी होती, तिचा एकही जोड हलला नव्हता. पण पुलीला हुक उरला नव्हता. आम्ही जॅक लावून इंजिन उचललं. डॉक्टर आले तेव्हा अकरा चाळीस झाले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वेळ लिहून घेतली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला दोन प्रश्न विचारले.

"लोड टेस्ट हुआ था?"

"सर्टिफिकेट था, सर."

"मैंने पूछा, टेस्ट हुआ था?"

"प्लेट लगी थी, सर."

यात एकही शब्द खोटा नाही. इतकं बरोबर खोटं मी आयुष्यात कधी बोललो नाही. कागदात लिहिलं गेलं: लान्स नायक सकपाळ आदेशाविरुद्ध लटकत्या वजनाखाली गेला, स्वतःची चूक. जगात कुठलाही मेकॅनिक इंजिन बसवताना हात, खांदा लावतो. हे कोर्टातल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी बोललं नाही. सुभेदारसाहेब माझ्या शेजारी सावधानमध्ये उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

शिमग्याच्या सुट्टीत मी दत्तारामला घरी घेऊन आलो. वाडीत पालखी फिरत होती. आमची गाडी दिसल्यावर ढोल थांबले आणि पालखी बाजूच्या अंगणात टेकवली.

आता मी पोलादपुरात घरामागे शेड टाकली आहे. गँट्री बनवतो, विहिरीतला पंप ओढायच्या तिवया बनवतो, हायवेवरच्या गॅरेजांना इंजिन स्टँड देतो. माझ्या मालाला रंग नसतो. गिऱ्हाईक कुरकुरतं. मी सांगतो, टेस्ट तुझ्यासमोर घेतो, रंग तू घरी जाऊन मार. भाव मात्र मी सोडत नाही.

यंदा पावसाळ्याआधी महाडचा एक गॅरेजवाला गँट्रीला लावून घ्यायला चेनपुली घेऊन आला. हुक नुकताच पिवळा केलेला. मी कानस घेतली आणि गळ्यावर दोनदा घासलं. कड लागली. खाली वेल्डिंग.

"कुठून आणलास हा?"

"दुकानातून. चालतंय हो फौजी. कोन बघतंय?"

"मी बघतोय."

"तुमी नाय लावलात तर दुसरा लावील."

मी घणाने तो हुक त्याच्यासमोर तोडला. तो शिव्या देत गेला, जाताना म्हणाला की फौजीचं डोकं फिरलंय. फिरलं होतं. पण त्याच्यावर नाही.

माझ्या कपाटात एक लोखंडाचा तुकडा इतकी वर्षं कापडात गुंडाळून होता. ज्या हुकावरून इंजिन दत्तारामवर पडलं, त्या हुकाचा अर्धा भाग. चौकशी संपल्यावर तो स्क्रॅपच्या ढिगात टाकला होता, तिथून मी उचलला. चोरी म्हणा. त्या दुपारी तो बाहेर काढला आणि मोडलेला भाग उन्हात धरला. मी तो आधीही पाहिला होता. नीट पाहायची हिंमत केली नव्हती. अर्धा भाग ताजा मोडलेला, खडबडीत. अर्धा काळपट, जुनी चीर. आणि त्या चिरीच्या आत, खोलवर, पिवळा रंग.

मोडल्यावर कुणी हुक रंगवला नाही. म्हणजे रंग आत गेला तेव्हा चीर होती. इन्स्पेक्शनच्या दोन दिवस आधी. दत्ताराम चासीत उतरायच्या तीन दिवस आधी. चूक त्याची नव्हती याचा पुरावा माझ्याच ब्रशने लिहून ठेवला होता.

तुकडा घेऊन मी तुडीलच्या पुढे त्याच्या वाडीत गेलो. त्याची आई पडवीत आमसुलं वाळत घालत होती. मी तुकडा तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. कर्नलसाहेबांची शाबासकीसुद्धा.

तिने नखाने चिरीतला रंग कोरून पाहिला.

"ह्यो रंग कुनी लावला?"

"मी, आये."

तिने तुकडा खाली ठेवला नाही.

"दर साल येतोस. आंबे आनतोस, मिठाई आनतोस. ह्यो का नाय आनलास रे?"

तिने देवळाकडे बोट केलं.

"देवलासमोर दगड हाय," ती म्हणाली. "फौजेत गेलेल्या, मेलेल्या सगल्या पोरांची नावं हायत. माझ्या पोराचं नाय. इचारलं तर सांगतात, त्याची सोताची चूक व्हती, कागदात हाय. तू कागद बदलून आन. मंग ये. त्याच्याआदी येऊ नको."

गावातल्या माजी सैनिकांनीच ते ठरवलं होतं. त्यांना दोष देत नाही. त्यांनी कागद वाचला. कागद मी तयार केला होता.

मी फौजेला शपथेवर लिहून दिलं आहे: लोड टेस्ट झाली नव्हती. हुकावरची कड मला लागली होती. मी सुट्टीसाठी गप्प बसलो. जी शिक्षा असेल ती द्या. खाली सही आहे आणि सहीशेजारी पंचाने ठोकतो तसा आकडा, चौदा.

आता बाकीच्यांनी आपापले नंबर ठोकावेत. ठेकेदाराने सांगावं, मोडका हुक जोडून प्रायमर कुणी मारला. 'टेस्टेड'च्या खाली ज्याची सही आहे त्याने सांगावं, किती वजन टांगलं, किती वाजता, कुणासमोर. सुभेदारसाहेब, तुम्ही आपल्या गावी निवृत्त आहात, तब्येत चांगली आहे असं ऐकतो. माझं पत्र तुम्हाला मिळाल्याची पोच माझ्याकडे आहे. उत्तर नाही.

लान्स नायक दत्ताराम सकपाळ. नंबर एकतीस. त्याने केलेला एकही जोड सुटला नाही. तो लटकत्या वजनाखाली उभा नव्हता. ड्यूटीवर, हवालदाराच्या समोर, इंजिन बसवत होता.

सुभेदारसाहेब, एवढ्या दोन ओळी लिहून सही करायला तुम्हाला किती दिवस पाहिजेत?