म्हसोबा जरा सरकला

आमची सोसायटी मांजरी गावात, उसाच्या शेतावर उभी राहिलेली. पलीकडे अजून ऊस आहे. बिल्डरने अख्खं शेत सपाट केलं, पण बांधावरच्या म्हसोबाला हात लावायची काही त्याची छाती झाली नाही. त्यामुळे शेंदूर फासलेला तो दगड आमच्या इमारतीच्या दारात, पायऱ्यांना चिकटूनच राहिला. शेत ज्यांचं होतं, त्या आजी दर अमावास्येला गावठाणातून नारळ घेऊन यायच्या.

गेल्या वर्षी माझ्या यजमानांना अर्धांगवायू झाला. व्हीलचेअर आली. रोज कालव्याच्या कडेने फिरून येणारा माणूस गॅलरीत बसून राहिला, कारण दारातल्या पायऱ्या उतरणार कशा? रॅम्पला जागा एकच होती, म्हसोबाची. मला फार राग यायचा. दगडाला दार आणि माणसाला गॅलरी, हा कुठला न्याय? कमिटीने ठराव लगेच केला. दगड उचलणार कोण, असं विचारल्यावर मात्र सगळ्यांना एकदम ऑफिसचे फोन आले. आजी तर ऐकायलाच तयार नव्हत्या.

"त्यो हाय तिथंच ऱ्हाईल. माज्या सासूच्या सासूनं बसवलाय."

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक तैवानी कुटुंब राहतं. मुलगा खराडीत नोकरीला, आई काही महिन्यांसाठी आलेली. येता-जाता ती म्हसोबासमोर वाकून नमस्कार करायची. एका संध्याकाळी मी दोघांना चहाला बोलावलं आणि तिला विचारलं, "तुम्हाला काय माहीत तो कोण आहे?" मुलगा मधे बसून इंग्रजीत सांगू लागला. ती तैनान शहराच्या पूर्व भागातली. तिथे आधी भातशेती होती, मग सैनिकांच्या बैठ्या चाळी झाल्या, आता बुरुजांसारख्या इमारती आहेत. सकाळी भाजीबाजार भरतो. संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते आणि सगळी गल्ली पिशव्या घेऊन खाली उतरते. मला आमची घंटागाडी आठवली आणि हसू आलं. आणि त्या सगळ्या उलथापालथीत शेताचा राखणदार देव तिथेच आहे, पार्किंगच्या शेजारी, एवढ्याशा देवळात.

"इमारत बांधताना हलवला नाही?" मी विचारलं.

"हलवला. त्याला विचारून. तुम्ही विचारलंत का?"

"कमिटीला विचारलं," मी म्हटलं.

ती उठून समोर आपल्या घरी गेली आणि लाकडाचे दोन लाल, अर्धचंद्रासारखे तुकडे घेऊन आली. प्रश्न विचारायचा आणि ते जमिनीवर टाकायचे. एक पालथा आणि एक उताणा पडला, की देव हो म्हणाला.

पुढच्या अमावास्येला आजी नारळ घेऊन आल्या, तेव्हा मी तिला खाली त्यांच्याकडे घेऊन गेले. तिने तुकडे टाकून दाखवले. आजींनी ते उचलून हातात फिरवले, तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बया! हा तर कौल हाय!"

मग कुणाला काही समजवावं लागलं नाही. आजींनी दगडाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर हो. त्या मोठ्याने म्हणाल्या, "म्हसोबा, ह्या बाईच्या मालकाला खाली यायला वाट न्हाई. जरा सरकून घेतोस का?"

तैवानी बाईने हात जोडले. मीही जोडले. माझा ह्यावर विश्वास नाही, पण त्या क्षणी त्या फुलावरून माझी नजर हलेना. बराच वेळ काहीच झालं नाही. मग उजवं फूल ओघळलं.

फूल वाऱ्याने पडलं असेल, मला माहीत आहे. मी थक्क झाले ती त्या दोघींना बघून. एकमेकींचा एक शब्द कळत नसताना त्या हातात हात घेऊन हसत होत्या.

म्हसोबा आता कडुनिंबाखाली, रॅम्पच्या कडेला आहे. यजमान पहिल्यांदा खाली आले तेव्हा आजी तिथेच शेंदूर लावत होत्या. आमचे हे कट्टर नास्तिक, कुठल्या देवळात कधी वाकले नाहीत, आणि आजारपणानंतर शब्दही मोजकेच उरलेले. त्यांनी मला थांबायची खूण केली. बसमध्ये कुणी जागा दिल्यावर बोलावं तसं दगडाकडे बघून अडखळत म्हणाले, "आभारी आहे."

आजींनी मान वर केली नाही.

"असू दे म्हनतोय," त्या म्हणाल्या.