वर राहिलेला हात

एम.एस्सी. गणिताच्या आमच्या वर्गात पुढच्या सत्राचे ऐच्छिक विषय ठरत होते. सरांनी फळ्यावर 'संख्या सिद्धांत' असे लिहिले आणि म्हणाले, "पाच जण असतील तरच हा वर्ग चालेल. हात वर करा."

चार हात वर आले. सरांनी ते नाव तळहातानेच पुसून टाकले. तीन हात लगेच खाली गेले. वैशालीचा मात्र वरच राहिला.

"घे गं खाली, मोजून झालं!" मागून कुणीतरी म्हणाले आणि वर्ग हसला.

त्या हाताकडे पाहताना मला आमच्या शास्त्राची एक सवय जाणवली. अट पूर्ण झाली की नाही, एवढेच आम्ही विचारतो. ती किती थोडक्यात हुकली, याला आमच्याकडे किंमत नाही. अभ्यासक्रम आखणे हेही तसेच काम आहे. जे निवडले त्याचे तास होतात, परीक्षा होतात. जे वगळले ते कुणाला दुखले, हे कोणत्याही वेळापत्रकात दिसत नाही. पाचवा हात माझा असू शकला असता. परंतु नोकरीसाठी मला सांख्यिकी हवी होती, आणि दयेला श्रेयांक मिळत नाहीत.

बाहेर आल्यावर वैशालीने विचारले, "तू का नाही केलास गं हात वर?"

"मला त्या विषयाचा उपयोग नाही."

"उपयोग मलाही नव्हता. मी त्या विषयासाठी इथे आले होते, एवढंच."

मग तिने माझ्या विषयांचा आराखडा मागितला आणि एकही प्रश्न न विचारता जसाच्या तसा उतरवून घेतला.