सायकलीवरचा हार

आमच्या बसवनगुडीच्या घरात देवघर नव्हतं. देवघराच्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे असायचे. शाळेतून आले की मी घड्या घालायला बसायची. पाणी, मजुरी, जमीन, अंधश्रद्धा, कशावरही आई-बाबांचं पत्रक तयार. म्हणूनच सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेल्या बाबांनी पत्रक काढण्याऐवजी पाणी गाळणारी सायकल बनवली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

देवनहळ्ळीच्या पुढे एका लेआउटचं, म्हणजे बंगल्यांच्या वसाहतीचं, बांधकाम चाललं होतं. तिथल्या मजुरांच्या पत्र्याच्या शेडजवळच्या टाकीत गढूळ पाणी. ठेकेदार प्यायच्या पाण्याचे कॅन द्यायचा. पुरायचे नाहीत, पण यायचे. बाबांनी टाकीशेजारी सायकल घट्ट बसवली. पायडल मारलं की पंप चालायचा आणि तेच पाणी गाळण्यांतून स्वच्छ होऊन पिंपात पडायचं.

"दिवसभर विटा वाहिलेल्या बायकांनी संध्याकाळी पाण्यासाठी पायडल मारायचं?" मी विचारलं. "समोरच्या बंगल्यांत मारतं का कुणी?"

"तुझी क्रांती येईपर्यंत त्यांनी काय प्यायचं?" बाबा म्हणाले.

मी आणखीच भडकले.

पुढच्याच आठवड्यात ठेकेदाराने कॅन बंद केले. "सर, तुमचं मशीन आलं की आता!" तो बाबांना हात जोडून, हसत म्हणाला. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी चांगुलपणा केला होता आणि त्या माणसाने त्यातून स्वतःची जबाबदारी झटकली होती. सायकलीवर तेव्हा अक्का होती, रायचूरकडची, मजूर बायकांतली सगळ्यांत थोरली. साडीचा ओचा खोचून, धापा टाकत पायडल मारत होती.

"सून पोटुशी आहे," ती मला कन्नडमध्ये म्हणाली. "तिच्या वाटणीचंही मीच मारते. माझे पाय थकले की ती काय पिणार?"

त्या रात्री मी कन्नडमध्ये पत्रक लिहिलं. पाणी देणं ठेकेदाराचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे, वगैरे. ठेकेदाराने ते शेवटपर्यंत वाचलं आणि त्याच कागदाने जीपची काच पुसली.

मग आयुधपूजा आली, आपली खंडेनवमी. आम्ही गेलो तर त्याची जीप झेंडूने मढलेली, काँक्रीटच्या मिक्सरला कुंकू, रस्त्यात फोडलेला कोहळा. आणि आमच्या सायकलीलाही हार! हँडलला केळीचा खुंट, पायडलांना कुंकवाची बोटं.

"अक्का, यंत्राला कसला हार घालता?" बाबा कळवळले.

"पूजलेलं हत्यार आज चालवायचं नसतं, सर."

"मग पाणी?"

तिने ठेकेदाराकडे बोट केलं. तोही पुढे आला. "स्वल्प चालवा ना अक्का. सकाळीच झाली की पूजा."

"सरी, चालेल. आधी तुम्ही मिक्सर फिरवा. मग मी बसते."

बायका खो-खो हसल्या. त्याने मिक्सरकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं, आणि मुकाट्याने फोन काढला. दुपारी कॅन आले.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं, पण सायकलीचा हार कुणी काढला नाही. हार आहे तोवर पायडल नाही आणि पाणी नाही तर काम नाही, असं अक्काने सांगून टाकलं. ठेकेदार तणतणत आला, हाराला हात घालायला वाकला आणि तसाच ताठ झाला. "काढा कुणीतरी!" तो ओरडला. कुणी जागचं हललं नाही.

शेवटी त्याने बाबांना फोन केला. "सर, तुम्ही शिकलेली माणसं. तुमच्या मशीनवरचा तो हार काढायला सांगा ना त्यांना."

जन्मभर असल्या हारांविरुद्ध पत्रकं वाटलेले माझे बाबा. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "श्रद्धेचा प्रश्न आहे हो," ते म्हणाले. "त्यात मी काय बोलणार?"

कॅन येताहेत, पूर्वीपेक्षा जास्त. अक्काची सून पोटभर पाणी पिते. मला मात्र अजून संताप येतो. सुनेची तहान दिसत असताना जो हलला नाही, तो झेंडूला घाबरला! त्याच्या लेआउटच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत 'चोवीस तास पाणी' असं लिहिलंय, तेही प्रत्येक खेपेला बघावं लागतं.

हार वाळला की अक्का निरोप धाडते. बाबा गांधी बझारातून झेंडू घेतात, भाव न करता. पिशवी मी धरते.