दाण्याविना पोहे

जठारपेठेत पोह्यांची गाडी लावणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. एका दाण्यानेही तिचा घसा सुजतो. हे सांगताच बाईंनी भरलेली प्लेट मागे घेतली.

"आज नाई देत. झारा दाण्यात फिरला हाये. उद्या साताले या."

दुसऱ्या दिवशी घासलेली कढई, कोरा झारा आणि सोयाबीन तेलाची नवी पिशवी तयार होती.

"तिचं शरीर दाण्यालाच शत्रू समजतं," मी म्हणाले.

पोहे परतत बाई हसल्या. "म्हंजे पहारेकरी लय कडक हाये, पाव्हण्यालेच चोर समजते. त्याले कायले छेडाचं?"

लेकीने पहिल्यांदाच गाडीवरचे पोहे खाल्ले आणि दुसरी प्लेट मागितली. ती संपेपर्यंत बाईंनी रांगेतल्या कोणासाठीही दाणे तळले नाहीत.