दुसरी हाक

माने बाई प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत. "चार नंबरच्या तंबूत पाणी नाही. चार नंबरच्या तंबूत पाणी नाही." दोन्ही वेळा शब्द तेच, सूर तोच, मध्ये एका श्वासाचं अंतर. पहिल्या दिवशी मला वाटलं, मला कमी ऐकू येतं असा त्यांचा समज झाला असावा. मी म्हटलं, "मला ऐकू येतं." त्यावर त्या म्हणाल्या, "येतच असणार. पण एकदा सांगितलं की माणूस नुसतं ऐकतो. दुसऱ्यांदा सांगितलं की पिशवी उचलतो."

घाटावरच्या एका मोठ्या एसटी स्टँडवर त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली बहुतेक वर्षं त्या माइकसमोर बसून होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली सुटणार, कुठली उशिरा येणार, हे सगळं त्यांच्या आवाजात. "मालवणची गाडी मी रोज सकाळी सव्वासातला सोडायचे," त्या सांगत. "मी तिला रोज सोडलं, पण ती मला एकदाही घेऊन गेली नाही." निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटा तंबू विकत घेतला, एसटीचा पास काढला आणि जन्मभर ज्या गावांची नावं उच्चारली ती बघायला निघाल्या. पेन्शन बेताची होती, म्हणून जिथे जातील तिथे काम मागायच्या आणि बदल्यात तंबूपुरती जागा. आमच्याकडे येण्याआधी वेंगुर्ल्याच्या एका बागेत महिनाभर काजूच्या रोपांना पाणी घालून आल्या होत्या.

आचऱ्याच्या पुढे, खाडी समुद्राला मिळते तिथे आमची माडांची बाग आहे. बाबांनी तिथे पर्यटकांसाठी सहा तंबू उभारले. पुण्याची नोकरी सुटल्यावर मी परत आले आणि बुकिंगचं काम बघू लागले. फोनवर बघायचे, म्हणजे टाइप करून. समोरासमोर बोलायची वेळ आली की माझं पहिलं वाक्य नेहमी इंग्रजीत तयार होतं, आणि त्याचं मराठी करेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

माने बाईंचा निरोप नोव्हेंबरात आला. "मी निवृत्त आहे. झाडणं, भाजी निसणं, पाहुण्यांवर लक्ष ठेवणं, काहीही करीन. पैसे नकोत. तंबू माझा आहे, तो लावायला जागा आणि दोन वेळचं जेवण द्यावं." हाच निरोप त्यांनी लगेच दुसऱ्यांदाही पाठवला होता.

बाबांना ते पटेना. "साठ वर्सांचा बायलमाणूस काय काम करतला गो?"

मी म्हटलं, "हाक मारायला कोणीतरी हवंच आहे."

त्यावर बाबांनी जागा द्यायचं कबूल केलं. कारण आदल्याच वर्षी आमचा एक पाहुणा खाडीच्या तोंडाशी वाहून जाता जाता राहिला होता. तिथे वाळूची एक लांब पट्टी समुद्रात गेली आहे. ओहोटीला तिच्यावरून टोकापर्यंत चालत जाता येतं. पण भरती सुरू झाली की पाणी आधी पट्टी आणि किनारा यांच्यामधल्या चरात शिरतं. समुद्राकडे बघत उभ्या असलेल्या माणसाला ते कळत नाही, पाणी त्याच्या पाठीमागून येतं. तो पाहुणा पट्टीवर चालला तेव्हा मी वीस पावलांवर होते. मी म्हणाले होते, "एक्सक्यूज मी." दोनदा नव्हे, एकदाच, आणि तेही मलाच जेमतेम ऐकू येईल इतकं. त्याला किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांनी ओढून काढलं म्हणून वाचला. परत असं काही घडलं तर तंबू उठवायचे, हे बाबांनी त्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

माने बाई आल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी समुद्र ताब्यात घेतला. सकाळी धोक्याच्या जागी लाल झेंडे रोवायचे, सूर्यास्ताला काढून आणायचे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे त्या बाबांकडून शिकल्या आणि जेवणाच्या शेडमध्ये एक फळा टांगला: "भरती – रात्री नऊ. ओहोटी – दुपारी पावणेतीन. दोन्ही वेळेवर." पाण्यात लांब गेलेल्या लोकांना त्या कमरेवर हात ठेवून बोलावत. "पट्टीवर उभ्या असलेल्या निळ्या शर्टाच्या प्रवाशांनी कृपया किनाऱ्यावर यावे. पट्टीवर उभ्या असलेल्या निळ्या शर्टाच्या प्रवाशांनी कृपया किनाऱ्यावर यावे." माइक नाही, काही नाही. कोल्हापूरचे धट्टेकट्टे पुरुष मुकाट्याने पाण्याबाहेर येत, आणि दोघातिघांना मी बाहेर आल्यावर इकडेतिकडे सामान शोधताना पाहिलं आहे.

मलाही शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं. दुपारी किनाऱ्यावर कोणी नसताना त्या मला पाण्यासमोर उभं करत.

"मार हाक."

"हॅलो," मी म्हटलं.

"हॅलो कुणाला? समुद्राला फोन लावलायस?" मग माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "इथून काढायची. घशातून काढलीस तर ती दातांपर्यंत येऊन मरते. तुमच्या शाळेत हाक मारायला शिकवत नव्हते का गं?"

"हात वर करायला शिकवायचे."

"बुडणारा माणूस तुझा वर केलेला हात बघणार?" आणि मग स्वतःच हसत सुटल्या. त्यांचं हसणंसुद्धा लांबपर्यंत ऐकू जाई.

त्यांचा मुलगा नाशिकला असतो. तो फोन करून रागवायचा. फोन झाला की त्या मला सांगत, "म्हणतो, आई, घर आहे ना आपलं. आहेच की. घर काही सुटून जात नाही, त्याला ड्रायव्हर नसतो." पण एकदा झेंड्यांच्या काठ्या घासता घासता त्या म्हणाल्या, "इतकी गावं फिरले, प्रत्येक ठिकाणी तिसऱ्या आठवड्यात पाय शिवशिवायला लागतात. इथं नाही लागले." बाबांनी ते ऐकलं. जेवताना ते म्हणाले, "पावसापर्यंत ऱ्हवा, बाईनू. पावसात तंबू ऱ्हवाचो नाय, मगे घरात येवा." बाबा परक्या माणसांशी शुद्ध मराठीत बोलतात. माने बाईंशी ते कधीपासून मालवणीत बोलू लागले, ते मला नेमकं आठवत नाही.

आमच्याकडची हाकेची गोष्टही त्यांना बाबांनीच सांगितली. संध्याकाळ होती, रापणीच्या जाळ्यांच्या बाजूने कोणीतरी कोणाला तरी हाक मारली, आणि माने बाई सवयीने "ओ!" म्हणून गेल्या. बाबा दचकले.

"बाईनू, सांजच्या वक्ताक एकच हाक इली तर ओ देव नकात."

"का बरं?"

"माणूस आसलो तर परत मारतलो. दुसरा काय आसला तर एकदाच मारता, नि गप वाट बघता. तुमी ओ दिलास की तुमी त्याचे."

लहानपणापासून मी हे ऐकत आले आहे. पुण्यात असताना मैत्रिणींना हसून सांगायचे, पण इथे संध्याकाळी मीही पहिल्या हाकेला उत्तर देत नाही. माने बाईंना मात्र ही गोष्ट इतकी आवडली की त्या टाळ्या पिटायच्या बाकी राहिल्या. "म्हणजे तुमच्या भुतांनाही आमच्या खात्याचा नियम माहीत नाही! घोषणा दोनदा करायची असते." त्या दिवसापासून त्यांचा आणि बाबांचा खेळच सुरू झाला. तिन्हीसांजेला बाबा शेडमधून ओरडत, "बाईनू, चाय!" माने बाई ऐकत. हातातलं काम थांबवून तशाच स्तब्ध उभ्या राहत, मान न वळवता. बाबा परत ओरडत, "बाईनू, चाय!" मग त्या, "आले, आले! पहिली कुणाची होती ते बघत होते," म्हणत येत. पाहुणे हसत. मीही हसायचे. रोज.

फेब्रुवारीतली त्रयोदशी होती. फळ्यावर त्यांच्याच अक्षरात भरतीची वेळ होती, रात्री पावणेदहा. म्हणजे सूर्य बुडायच्या सुमाराला पाणी सगळ्यात जोरात चढतं. एक जोडपं पट्टीवर फोटो काढत रेंगाळलं होतं. माने बाईंनी त्यांना दोनदा हाक मारून परत आणलं, आणि मग टोकावरचा शेवटचा झेंडा आणायला स्वतः गेल्या. त्या जोडप्यात वेळ गेला नसता तर त्या नेहमीसारख्या अर्धा तास आधीच परतल्या असत्या.

मी शेडजवळ, बागेच्या दगडी गडग्यापाशी होते. समोर आकाश अजून उजळ होतं आणि त्याच्यावर माने बाई स्पष्ट दिसत होत्या. झेंडा खांद्यावर टाकून परत येत होत्या, भरभर. त्यांच्या आणि आमच्यामधल्या चरात पाणी चकाकायला लागलं होतं. त्यांनी ते पाहिलं असेल किंवा नसेल. मी मात्र पाहिलं, आणि हाक मारली. पोटातून. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती नीट निघाली.

"माने बाई!"

माझा आवाज माडांवर आपटून परत आल्यासारखा वाटला. शेडमधले पाहुणे वळून बघायला लागले. एक काका म्हणाले, "आवाज आहे की पोरीला!" सगळे हसले. माझे कान तापले.

आणि माने बाई थांबल्या. चालता चालता जागच्या जागी, झेंडा खांद्यावर तसाच. तोंड आमच्याकडे होतं. पण आमच्या बाजूला माडांखाली अंधार झालेला होता. मला त्या दिसत होत्या, त्यांना मी दिसत नव्हते.

मला वाटलं, त्यांनी ऐकलं. ऐकलं म्हणून तर थांबल्या. आता बघतील आणि येतील, भरती माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळते. परत ओरडण्याची आता गरज नव्हती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. त्या काकांच्या बायकोने विचारलं, "जेवायला सुरमई आहे की बांगडा?" मी वळले. सुरमई पाच जणांना पुरेल का, हे आत जाऊन विचारून आले. परत आले तेव्हा पट्टी नव्हती. चरातून पाणी खाडीच्या आत धावत होतं आणि त्याच्यावर लाल झेंडा आडवा पडून चालला होता, काठीसकट.

मग मी हाका मारल्या. किती, ते मोजलं नाही. रापणवाले होडी घेऊन धावले, बाबा छातीभर पाण्यात गेले. त्या सापडल्या दुसऱ्या दिवशी सकाळी, खाडीच्या आत, कांदळाच्या झाडीत.

त्या सकाळी पोलीस येऊन गेल्यावर बाबांनी मला एवढंच विचारलं, "किती वेळा हाक मारलंस गो?"

"एकदाच."

बाबा पायरीवर बसून राहिले. त्यानंतर त्यांनी ती गोष्ट कोणत्याही पाहुण्याला सांगितलेली नाही, आणि संध्याकाळी चहा झाला की ते हाक मारत नाहीत. कप हातात घेऊन प्रत्येकाजवळ जातात.

झेंड्यांचं काम आता मी करते. लोकांना पाण्यातून बाहेर बोलावते, दोनदा, पोटातून. पाहुण्यांना मी कडक वाटते. त्यांना हे ठाऊक नाही की पहिल्या आणि दुसऱ्या हाकेच्या मध्ये जो एक श्वास असतो, तेवढ्यात मला दर वेळी उजळ आकाशावर कोणीतरी थबकलेलं दिसतं. मी दुसरी हाक घाईने मारते. कधीकधी पट्टीवर कोणीच नसतं तरी मारते.

त्या सापडल्यावर पंधरा दिवसांनी माने बाईंचा मुलगा तंबू न्यायला आला. शांत, थकलेला माणूस. तंबूच्या दोऱ्या सोडवायला मी त्याला मदत करत होते. बाबा बाजूला उभे होते. मग त्याने खाली बघतच विचारलं, "पाणी चढतंय हे कुणाला दिसलं नाही का? कुणी हाक मारली नाही?"

"मारली होती," मी म्हटलं. "मी."

"मग तिला ऐकू गेलं नसेल. कान अधू झाले होते तिचे. इतकी वर्षं त्या कर्ण्याखाली बसून. मान्य करायची नाही."

"वारासुद्धा होता त्या दिवशी," बाबा शुद्ध मराठीत म्हणाले. "खूप वारा होता."

वारा नव्हता. दोघांनीही मला वाट करून दिली होती, आणि माझं वाक्य या वेळी थेट मराठीतच तयार झालं.

"त्यांना ऐकू गेलं होतं. त्या थांबल्या होत्या."

मग मी त्याला सगळं सांगितलं. आमच्याकडे काय मानतात, बाबांचा आणि त्यांचा चहाचा खेळ, मी मारलेली एक हाक, ते काका, ती सुरमई. इतकं सलग मी कोणाही परक्याशी आजवर बोललेले नाही. तो तंबूच्या काठ्या एकात एक घालून लहान करत होता. शेवटची काठी त्याच्या हातात तशीच राहिली.

"म्हणजे ती दुसऱ्या हाकेची वाट बघत होती."

"हो."

"किती वेळ उभी होती?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी पाठ फिरवली होती."